पर्समधला फेस मसाजर: दिवाळीपासून आषाढापर्यंत

फेस मसाजरच्या जाहिरातीतली बाई मुळातच चोविशीची असते आणि तिचा जबडा मसाजर हातात घेण्याआधीही तितकाच रेखीव असतो. एवढं लक्षात ठेवलं की ही वस्तू घ्यायची का नाही हे ठरवणं बरंच सोपं जातं. मी दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. आता पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि थोडा पाऊस असं सगळं झालंय. चेहरा बारीक झालेला नाही. सुरकुत्या होत्या तिथेच आहेत. तरी तो जवळपास रोज वापरात आहे, कारण मी तो जबड्यासाठी घेतला होता आणि ते काम तो करतो.

मला झोपेत दात आवळायची सवय आहे. डेंटिस्टने रात्री घालायचं गार्ड करून दिलंय. मुख्य उपाय तोच, मसाज ही नुसती जोड. दात घट्ट मिटून कानाच्या खाली, गालाच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून बघा. टणक गोळा वर येतो तो चावायचा स्नायू, गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेला. माझा सकाळी आखडलेला असतो, आणि संध्याकाळी चांदणी चौकातून कोथरूडला पोचेपर्यंत परत आखडतो. वर स्कार्फ, त्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आणि पुढे न हलणारा ट्रक, मग दात आवळले जाणारच.

निवडताना बरीच शोधाशोध केली. तुळशीबागेत दगडाचे रोलर अगदी स्वस्तात मिळतात. गार लागतात, बरं वाटतं, पण त्यातल्या बहुतेकांचा खिळा थोड्याच दिवसांत सैल होतो आणि रोलर कुरकुरायला लागतो. कानाजवळ ते फार त्रासदायक. गुआ शा, म्हणजे चेहऱ्यावरून ओढायची चपटी दगडी पाटी, चांगली, फक्त हात बसायला वेळ लागतो, आणि घेताना कडेवरून बोट फिरवून बघायचं, टवका उडालेला असेल तर ती चेहऱ्याजवळ नको. सासूबाईंचं म्हणणं, "रविवार पेठेतून काशाची वाटी आण, यंत्रं कसली घेतेस!" आमच्या घरी ती वाटी आहेच, तूप लावून तळपायाला फिरवतात. घासल्यावर जे काळं निघतं ती अंगातली उष्णता, अशी घरात सगळ्यांची श्रद्धा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप आणि घामाशी त्या धातूची क्रिया होऊन काळं येतं, बाकी काही नाही. सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही. चेहऱ्यावरही तसाच राखाडी थर येतो, धुतला की जातो, पण ऑफिसला निघायच्या वेळी कोण करणार.

मायक्रोकरंटची महागडी यंत्रं मी विचारपूर्वक सोडली. त्यांत ॲम्पिअरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा इतका सूक्ष्म विद्युतप्रवाह त्वचेतून सोडतात. ईएमएसवाल्यांत, म्हणजे विजेने स्नायू हलवणाऱ्या यंत्रांत, तो जास्त असतो, स्नायू उडताना जाणवतो. दोन्हींना पाण्याचा अंश असलेलं जेल लागतं. तेल लावून चालत नाही, कारण तेलातून वीज वाहत नाही आणि मग जिथे कडा टेकते तिथे चटका बसतो. म्हणजे जेलचा खर्च कायमचा मागे लागला. शिवाय पेसमेकर असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ही यंत्रं लावायची नसतात. आमच्या घरात सासऱ्यांना पेसमेकर आहे आणि आमच्याकडे कुठलीही वस्तू एकाच माणसाची राहत नाही. तेवढं कारण मला पुरलं.

शेवटी घेतला तो साधा, थरथरणारा. अंगठ्याएवढी मूठ, पुढे गोल धातूचं डोकं, तीन वेग, चार्जिंगला टाइप-सी. हजाराच्या आत आला. याच साच्यातले मसाजर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा खोका वाचणं महत्त्वाचं. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर छापलेला नसेल तर मी परत ठेवते. सोबत अ‍ॅडाप्टर असेल तर त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघायचा. 'वॉटरप्रूफ' या शब्दाला काही अर्थ नाही, आयपीएक्सचा आकडा विचारा. ४ म्हणजे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि ७ असला तरी चार्जिंग चालू असताना ओल्या हाताने धरायचा नाहीच.

खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी धातूच्या डोक्याबाबत जरा जपावं. ती ॲलर्जी बहुतेक वेळा निकेलची असते, आणि मुलामा उडाला की आतून काय निघेल याचा भरवसा नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला फिरवून एक-दोन दिवस वाट बघायची.

आता वापर. पुण्यात स्कार्फखालून जो चेहरा बाहेर येतो त्यावर धूळ आणि घाम यांचा लेप असतो. त्यावर मसाजर फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आधी चेहरा धुवायचा, मग दोन थेंब बदामाचं तेल किंवा कोरफडीचं जेल. जबड्याच्या त्या गोळ्यावर मी दात न मिटता, तोंड किंचित उघडं ठेवून, सगळ्यात कमी वेगावर मसाजर नुसता टेकवते. दाबत नाही. जिथे दुखतं तिथे जोर लावावासा वाटतो, पण जोर लावला की स्नायू उलट आक्रसतो. दोन्ही बाजू मिळून पाचेक मिनिटं खूप झाली.

सकाळच्या सुजेचं गणित वेगळं आहे. रात्रभर आडवं पडल्यावर, त्यात आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं असेल तर, डोळ्यांखाली पाणी साठतं. हे साठलेलं पाणी वाहून नेते ती लसिका. तिला हृदयासारखा पंप नसतो, ती स्नायूंच्या हालचालीने आणि हलक्या दाबाने पुढे सरकते. म्हणून मध्यापासून कानाकडे आणि कानापासून खाली गळपट्टीच्या हाडाकडे नुसत्या बोटांनी, अगदी अलगद. फरक दिसतो, दुपारपर्यंत टिकतो. तासभर उठून घरात वावरलं तरी निम्मी सूज आपोआप जाते हेही खरं.

गळ्यावर मात्र यंत्र चालू ठेवून मी जातच नाही. बोट ठेवल्यावर जिथे नाडी लागते तिथे मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते, तिथे दाब पडला तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. वयस्कर माणसांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असू शकतात, त्यांच्या मानेला तर हे लावूच नये. गळ्यावर हाताची बोटं पुरतात. डोळ्याभोवती हाडाच्या कडेपर्यंतच, बुबुळावर कधीच नाही. पिकलेली पुटकुळी, उन्हाने भाजलेली त्वचा किंवा रेटिनॉल लावलेली रात्र असेल त्या दिवशी मसाजर ड्रॉवरमध्ये. बोटॉक्स किंवा फिलर केलेलं असेल तर ज्यांनी केलं त्यांनाच विचारा, पार्लरमधल्या ताईंना नको.

स्वच्छता सोपी आहे. ओल्या फडक्याला साबण लावून पुसायचं, अधूनमधून स्पिरिटचा बोळा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, ते पाणी वाळलं की मसाजरच्या डोक्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच कोरडा करते.

तक्रारी दोन. बटणाला लॉक नाही, त्यामुळे पर्समध्ये आपोआप चालू होतो आणि भर मीटिंगमध्ये खुर्ची गुरगुरते. आता कडक डबीत ठेवते. मसाजरच्या आत लिथियम बॅटरी असते म्हणून विमानात तो हातातल्या बॅगेतच न्यावा, चेक-इनला टाकू नये. दुसरी तक्रार जास्त गंभीर: चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उन्हाळ्यातच सैल झालं. विकणाऱ्याने 'वैयक्तिक वापराची वस्तू' म्हणून बदलून द्यायला नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर अर्धे पैसे परत आले. मसाजर मात्र तोच आहे, झाकणावर चिकटपट्टी लावलेला.

बॅटरीही पूर्वीइतकी टिकत नाही, आणि ती आत सीलबंद असल्यामुळे बदलता येत नाही. पुढचा घेईन तो पेन्सिल सेलवाला. तो जरा जाड असतो आणि दिसायला जुनाट, पण सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो.