ऑनलाइन ‘माफिया’ खेळवताना: सूत्रधाराचा अनुभव

गेल्या गणपतीपासून आमचा ‘माफिया’ ऑनलाइन चालू आहे. राजेंद्रनगर, सुदामानगरातले आम्ही इंदूरकर, पुण्याला नोकरीला गेलेली भावंडं आणि बडोद्याची मावशी. शनिवारी जेवणं उरकली की सगळे जमतात, सूत्रधार मी. खेळ असा: काही जण गुपचूप माफिया असतात, बाकीचे गावकरी. रात्री माफिया एकाला मारतात, दिवसा सगळे वाद घालून मतांनी एका संशयिताला बाद करतात. सगळे माफिया बाद झाले तर गाव जिंकतं, माफिया आणि बाकीचे सारखेच उरले तर माफिया.

दिमित्री दाविदोव यांनी १९८६ साली मॉस्को विद्यापीठात हा खेळ बसवला तो समोरासमोर बसून खेळण्यासाठी. त्यामुळे चेहरे दिसले नाहीत तर मजा जाईल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. झालं उलटंच. कॅमेरा चालू असला की प्रत्येक जण आपला चेहरा सांभाळत बसतो; नुसत्या आवाजावर खेळलं की दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकतो. मावशी यात सगळ्यांना भारी. “अरे, मघाशी तू ताईवर तुटून पडला होतास, आता तिचीच बाजू घेतोयस. रात्रीतून काय झालं?” एवढं विचारून तिने माझ्या चुलतभावाला पकडलं होतं.

खरी कसोटी लागते सूत्रधाराची. समोर बसून खेळताना रात्री सगळे डोळे मिटतात आणि खुणेने काम भागतं. ऑनलाइन ज्याला रात्री काम आहे तोच मेसेज टाइप करतो. दोन भावंडं एकाच खोलीत बसून खेळत असतील तर एकाची बोटं चालताना दुसऱ्याला दिसतात आणि डाव तिथेच फुटतो. म्हणून आमच्याकडे रात्री प्रत्येकाने मला एक नाव पाठवायचंच. माफिया सावजाचं, डॉक्टर ज्याला वाचवायचं त्याचं, पोलीस ज्याची चौकशी करायची त्याचं आणि साधा गावकरी ज्याच्यावर संशय आहे त्याचं. उत्तरही सगळ्यांना जातं, गावकऱ्याला नुसतं ‘मिळालं’ एवढंच. डाव संपल्यावर गावकऱ्यांचे हे संशय मी वाचून दाखवतो, तेव्हा जो गलका होतो त्यासाठी तरी हा नियम ठेवाच.

रात्र घड्याळ लावून दोन मिनिटांची. मेसेज आधी आले तरी मी थांबतो. मेलेल्याची भूमिका आम्ही उघड करत नाही. डॉक्टर गेल्यावर रात्र लहान झाली तर हुशार खेळाडू तेवढ्यावरून ओळखतो. सकाळची घोषणाही दर वेळी त्याच वाक्यात, त्याच आवाजात करायची. लाडकं माणूस मेलं म्हणून सूर हळहळला तरी गावाला काहीतरी कळतंच.

नऊ जणांत माफिया दोनच ठेवा. डॉक्टरने कोणाला वाचवलं नाही, तर गावाचे दोन निकाल चुकल्यावर डाव माफियाचा. माफिया तीन केलेत तर पहिल्याच चुकीत खेळ संपतो आणि लोकांना बोलायला वेळच मिळत नाही. मतं तोंडी घेऊ नका. ज्याचं नेट हळू चालतं तो शेवटी बोलतो आणि बाकीच्यांची मतं ऐकून ठरवतो. नाव टाइप करून ठेवायचं आणि मी ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं.

आधी आम्ही फुकटच्या व्हिडिओ मीटिंगवर खेळायचो. ऐन खटल्यात वेळ संपून सगळे बाहेर फेकले जायचे. आता डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आहोत. माफियाला कुजबुजायला खासगी चॅनल करून देता येते, ही मोठी सोय. काका-मावश्यांच्या फोनवर ते बसवून द्यायला मात्र एक सबंध संध्याकाळ काढावी लागते, आणि ती काढावीच.

माझी सगळ्यात मोठी काळजी होती पहिल्या रात्री मरणाऱ्याची. घरी तो निदान बसून गंमत बघतो, पोहे खातो. ऑनलाइन तो निघून जातो आणि पुढच्या शनिवारी येत नाही. यावर ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ या खेळातला नियम आम्ही उचलला: मेलेल्याने बोलत राहायचं आणि उरलेल्या डावात एकदाच मत द्यायचं. तेव्हापासून मेलेली मंडळी शेवटपर्यंत थांबतात. मागच्या शनिवारी पहिल्याच रात्री मेलेल्या मावशीने ते एक मत अखेरच्या निकालापर्यंत राखून ठेवलं आणि त्यावरच गाव जिंकलं.