चढायचा दोर: चिंचेला टांगायचा, चौकटीवर ताणायचा की तयार पिरॅमिड आणायचा?

शाळा व्यवस्थापन समितीत 'पोरांना चढायला काहीतरी लावू' असा विषय निघाला की कोणीतरी मोबाइलवर दोरांचा पिरॅमिड दाखवतोच. दिसतो झकास. पण तो घ्यायचा, गावातच पाइपाची चौकट करून जाळी ताणायची, की पटांगणातल्या चिंचेला दोर टांगायचा, हे ठरवताना आधी आपली विदर्भाची माती आणि आपलं ऊन बघावं.

झाडाचा दोर सगळ्यात स्वस्त. चिंच किंवा जुना कडुनिंब चालेल. शेवग्या-जांभळाच्या फांदीचा भरवसा नाही. थेट गाठ मारली तर साल कापली जाते आणि दोरही झिजतो, म्हणून फांदीला रुंद पट्टा घालून त्यात दोर अडकवावा. जाडी 25 ते 45 मिमी. खालचं टोकही पक्कं करायचं, कारण मोकळ्या दोराचा फास बसू शकतो. हाताला सुती दोर उत्तम, रोप मल्लखांबाला तोच लागतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही मल्लखांब शिकवणारी संस्था 1914 पासूनची. तिथे शिकलेला एखादा शिक्षक तुमच्या शाळेवर असेल तर दुसरं काही बघूच नका. मात्र सुती दोर पावसात राहिला की कुजतो, तो रोज उतरवून ठेवणारा माणूस हवा. अंगणवाडीच्या लेकरांसाठी हा पर्याय नाहीच.

पिरॅमिडच्या दोरात पोलादी तारा असतात, वरून पॉलिएस्टरचं आवरण. कोणी सहज कापून नेत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. अडचण दुसरीच आहे. त्याची सगळी मजबुती ताणावर, आणि ताण टिकतो पाया जागचा हलला नाही तर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर जाळं सैल पडतं. मग दोर पुन्हा ताणायला कंपनीचा माणूस कुठून येणार? सांध्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे क्लॅम्पही मशीननेच दाबावे लागतात, ते गावच्या वेल्डरचं काम नाही.

म्हणून बहुतेक खेड्यांतल्या शाळांसाठी माझं मत चौकटीच्या बाजूने आहे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाची तिरपी चौकट, उंची दोन मीटरच्या आत, त्यावर जाळी. दोर घेताना दुकानदार निळा-पिवळा पॉलिप्रॉपिलिन पुढे करेल, कारण तो स्वस्त. चंद्रपूर-अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हात त्याचे धागे भुरभुरीत होतात आणि तळहातात कुसळांसारखे घुसतात. नायलॉन मजबूत, पण ताणला जातो आणि ओला झाला की जोर कमी होतो. पॉलिएस्टर महाग पडला तरी तोच घ्या, किमान 16 मिमी. जाळीच्या घरांचं माप विसरू नका: 9 ते 23 सेंमीमधलं घर धोक्याचं, त्यातून अंग निसटतं आणि डोकं अडकतं. 25 सेंमीच्या पुढे ठेवा. भंडारा-गोंदियाकडे तलावांवरचे ढीवर बांधव जाळी विणण्यात तरबेज, गाठी कशा बसवायच्या ते त्यांना विचारावं. पॉलिएस्टरची साधी गाठ सरकते.

खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. तळाशी रुंद, वर निमुळता ठेवा, म्हणजे फुगणारी माती काँक्रीट उचलत नाही. पाइपाची तोंडं झाका, नाहीतर गांधीलमाशा घर करतात.

पैसे कमी पडले की पहिली कात्री पडणाऱ्या पोराला मार बसू नये म्हणून खाली टाकायच्या रेतीला लागते आणि चौकट फरशीवर किंवा ठोकलेल्या मुरमावर उभी राहते. असं करायचं असेल तर चौकटच नको. दोन मीटर उंचीखाली नदीची गोल दाण्याची रेती 30 सेंमी हवी, चारही बाजूंनी किमान 1.85 मीटरपर्यंत. क्रशरची (दगड फोडून केलेली) रेती दबून घट्ट बसते, ती टाळा. रेती घाटाची पावती मागा, आणि कुत्री बसणार हे धरून रोज दाताळं फिरवायची सोय ठेवा.

काम दिवाळीच्या सुट्टीत काढा. मे महिन्यात काँक्रीटवर मारायला पाणी कुठलं! जूनअखेर शाळा उघडण्याआधी दोराचा पीळ जागोजागी उलगडून आत बघायचं. आतून भुकटी निघाली तर वरून कितीही चांगला दिसो, तो दोर उतरवायचा.