कानकूनचा फुकट नाश्ता

करारातली बारीक अक्षरं वाचणं हा माझ्या रोजच्या नोकरीचा भाग आहे. तरीही गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या कानकूनला एका हसऱ्या माणसाने पाच तासांत माझ्याकडून आणि नवऱ्याकडून २४ हजार डॉलरच्या टाइमशेअरच्या, म्हणजे दरवर्षी काही दिवस रिसॉर्ट वापरायचा हक्क विकत घेण्याच्या, कागदांवर सह्या करून घेतल्या. लोक हसतील म्हणून हे इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. पण आमच्या ओळखीची दोन कुटुंबं या हिवाळ्यात तिकडेच निघाली आहेत, म्हणून लिहिते.

सांगलीहून सासूसासरे सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला आले होते. बाबा निवृत्त शिक्षक, गणित आणि इतिहास दोन्ही शिकवलेले. मेक्सिकोकडच्या प्राचीन माया लोकांनी शून्य स्वतंत्रपणे शोधलं होतं आणि ते शिंपल्याच्या आकृतीने लिहीत, हे त्यांनी कितीतरी पोरांना सांगितलं असेल. ह्यूस्टनहून कानकून विमानाने जेमतेम अडीच तास. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. आईंना समुद्र, बाबांना चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन शहर आणि आम्हाला आयतं जेवण, असा हिशेब करून खाणंपिणं धरून पैसे घेणारं एक झकपक रिसॉर्ट घेतलं.

पहिला फास विमानतळावरच होता. कस्टममधून बाहेर आलं की दारापर्यंतच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना काउंटर लागतात. गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. "कुठलं हॉटेल? गाडी ठरवली आहे ना? इकडे या, नोंद करायची आहे." आम्हाला वाटलं विमानतळाचेच कर्मचारी. ते गाडीवाले नसतात, विक्रेते असतात. तुम्ही आधी ठरवलेला ड्रायव्हर इमारतीच्या बाहेर, नावाची पाटी घेऊन उभा असतो. त्या हॉलमध्ये आपलं काहीही काम नसतं. पण आपण थांबतो, कारण कुणी हाक मारली की ओ देणं ही आपली सवय.

त्या मुलीने चौघांना चिचेन इत्साची सहल फुकट देऊ केली. अट एवढीच, की शुक्रवारी सकाळी नाश्त्याला यायचं आणि ९० मिनिटं नवं रिसॉर्ट बघायचं. माणशी ४० डॉलर अनामत, नंतर परत. सोबत पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड हवं. नाश्त्याला क्रेडिट कार्ड कशाला, हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा मी मनात चार जणांच्या सहलीचे वाचलेले पैसे मोजत होते.

नाश्ता उत्तम होता, खोटं कशाला बोलू. आईंसाठी अंड्याशिवायचं वेगळं करून दिलं. विक्रेता 'नमस्ते' म्हणाला, बाबांच्या पाया पडण्यासारखं वाकला. पहिला तासभर त्याने विक्रीचं अवाक्षर काढलं नाही. वर्षाला किती फिरता, हॉटेलवर किती खर्च होतो, मुलांना काय आवडतं, एवढंच विचारत राहिला आणि आमचीच उत्तरं कागदावर लिहून त्यांची बेरीज आम्हालाच दाखवली. मग टाइमशेअरचा भाव निघाला, ६८ हजार. नको म्हटलं तर त्याचा साहेब आला, ४१ हजार. परत नको म्हटलं तर आणखी मोठा साहेब, २४ हजार, पण फक्त आज, फक्त या टेबलावर. तीन तास उलटले होते. रिसॉर्टवर परत सोडणारी गाडी त्यांचीच, आणि ती "येतेच आहे". त्याने बाबांना विचारलं, "नातवंडांसाठी काय मागे ठेवणार?" बाबा गप्प झाले आणि नवरा विरघळला.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इतकं खाल्लं, त्यांनी इतका वेळ दिला, आता तोंडावर नाही कसं म्हणायचं, हेच आम्हा चौघांच्या मनात होतं. क्रेडिट कार्डावर ४,८०० डॉलर भरले, बाकीचे कर्जाने. शिवाय 'कागदपत्रांचे' म्हणून ६०० वेगळे, आणि ते नवऱ्याच्या डेबिट कार्डावरून. शॅम्पेनची बाटली फुटली, आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे आमच्यासारखेच अडकलेले असणार.

शनिवारी रात्री झोप येईना म्हणून करार काढला. दरवर्षी देखभाल खर्च, तो वाढवायचा अधिकार त्यांचा. आठवडा कुठला मिळेल ते 'उपलब्धतेनुसार'. तोंडी जे जे सांगितलं होतं, त्यातलं कागदावर जवळजवळ काहीच नव्हतं. उलट 'विक्रेत्याची तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत' या वाक्याखाली माझीच सही. आणि सगळ्यात शेवटी, स्पॅनिश मजकुरात, फोनवर भाषांतर करून सापडलेली ओळ: पाच कामाच्या दिवसांत करार रद्द करता येतो. मेक्सिकोच्या ग्राहक संरक्षण कायद्यातच हा हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही. 'रद्द करण्याचा हक्क सोडत आहे' असा एक वेगळा कागदही आमच्याकडून भरून घेतला होता. पण त्या कायद्यातले हक्क ग्राहकाला स्वतःहूनही सोडता येत नाहीत, त्यामुळे तो कागद रद्दीच्या भावाचा.

रविवारी ती फुकट सहल. कानकून ते चिचेन इत्सा साधारण २०० किलोमीटर. चिचेन इत्सा युकातान राज्यात आहे आणि कानकूनचं घड्याळ त्या राज्याच्या एक तास पुढे आहे, म्हणून विक्रेत्याने "जाताना एक तास फुकट मिळतो" हेही बक्षिसासारखं सांगितलं होतं. येताना तो परत द्यावा लागतो, हे नव्हतं सांगितलं. बस चार हॉटेलं फिरून निघाली, मग एका दुकानापाशी तासभर थांबली. तिथे काळ्या काचदगडाच्या मूर्ती आणि तुमच्या जन्मतारखेचं माया चिन्ह कोरलेली चांदीची पदकं. आईंनी एक छोटा पिरॅमिड घेतला. मेक्सिकोचा पेसो आणि डॉलर दोघांनाही $ हेच चिन्ह लावतात, त्यामुळे पाटीवरचा आकडा कशाचा आहे ते विचारल्याशिवाय कार्ड देऊ नका. कार्डाच्या यंत्राने 'डॉलरमध्ये घेऊ का' विचारलं तर पेसोच म्हणा, त्यांचा दर आपल्याला महाग पडतो. मग जेवण. मग दारात कळलं की 'फुकट' सहलीत प्रवेशाचे पैसे नव्हतेच. तिकीट दोन भागांत, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं आणि एक राज्याचं, परदेशी माणसाला मिळून सहाशेच्या वर पेसो.

आत आम्हाला सव्वा तास मिळाला. भर दुपार आणि रविवार, म्हणजे मेक्सिकन कुटुंबांचीही जत्रा. कुकुल्कानच्या पिरॅमिडसमोर बाबांनी टोपी काढली. चार बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५, हे त्यांनी गाइडच्या आधी सांगून टाकलं. वर चढायला आता बंदी आहे. समोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो, तोही ऐकला. पण त्यांना बघायची होती ती एल काराकोल, आत वळणदार जिना असलेली गोल इमारत, जिला वेधशाळा मानतात. ती दक्षिणेकडे, पुढे चालत जावी लागते. गाइडने घड्याळ दाखवलं. बाबांनी हट्ट केला नाही. बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून बसले.

आमचा बेत होता की सोमवारी आपणच पुन्हा जाऊ, कानकून शहरातून थेट एसटीसारखी बस आहे. पण सोमवार गेला रद्द करण्याच्या पत्रात. विक्री कार्यालयात 'साहेब नाहीत', 'सुट्टीवर आहेत', मग अचानक साहेब हजर आणि भाव १५ हजारांवर. पत्र घ्यायला मात्र कुणी तयार नाही. शेवटी ते स्पॅनिश आणि इंग्रजीत छापून करारावरच्या पत्त्यावर पोचपावती मिळेल अशा रीतीने पाठवलं, ईमेल केला, मेक्सिकोच्या ग्राहक संस्थेकडे, प्रोफेकोकडे, तक्रार नोंदवली आणि क्रेडिट कार्डवाल्यांना पावतीची प्रत दिली. मंगळवारही त्यातच गेला. बुधवारी विमान. सही शुक्रवारची होती, म्हणून आम्ही मुदतीत बसलो. सही सहलीच्या पहिल्या दिवशी झाली असती आणि करार घरी येऊन वाचला असता, तर बाकीचं कर्ज आज फेडत बसलो असतो.

४,८०० डॉलर चार महिन्यांनी परत आले. डेबिट कार्डावरचे ६०० आले नाहीत. बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पिन टाकला आहे.

आणि फेब्रुवारीत चोरावर मोर आला. फोनवर एक बाई, इंग्रजी अस्खलित. तिला आमची नावं, कराराचा क्रमांक, भरलेली रक्कम, सगळं ठाऊक. म्हणाली, तुमच्यासारख्यांना न्यायालयाने भरपाई मंजूर केली आहे, १८ हजार डॉलर अडकले आहेत, फक्त मेक्सिकोचा कर १,१०० आधी भरा. पाठोपाठ सरकारी शिक्क्याचं पत्र. खरं सांगते, सहाशे बुडालेल्या माणसाला अकराशे भरावेसे वाटतात. नवऱ्याने बँकेचं ॲप उघडलंही होतं. मी पत्रातलं एक वाक्य शोधायला गेले आणि समोर अमेरिकेच्या अर्थखात्याचा आणि एफबीआयचा जुलै २०२४ चा इशारा आला: मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातली ड्रग टोळी कॉल सेंटरं चालवून टाइमशेअर घेतलेल्यांना अशाच 'करा'साठी लुटते, आणि लोकांची माहिती रिसॉर्टमधल्याच कुणाकडून तरी मिळवते. आमचा फोन त्यांचाच होता असं मी म्हणत नाही. ॲप मात्र बंद केलं.

मेक्सिकोच्या ५२ या कोडने सुरू होणारे फोन अजून येतात. मी उचलत नाही. बाबा ह्यूस्टनला होते तोपर्यंत ते उचलायचे आणि शांतपणे मराठीत शून्याचा इतिहास सुरू करायचे. एक जण तर सहा मिनिटं धरून बसला होता.