कांद्याचा भाव, धरणाचं पाणी आणि मोबाइलवरचे आलेख: शीट्स, डेटारॅपर, फ्लरिश की लुकर स्टुडिओ?

आकडे आलेखात मांडायला यांपैकी काय घ्यावं, याचं थेट उत्तर हवं असेल तर आकडे साठवायला गूगल शीट्स आणि लोकांना दाखवायला डेटारॅपर ही आलेख काढायची वेबसाइट. तोच आलेख चार-पाच जणांना रोज बघायचा असेल तर गूगलचं अहवाल बनवायचं साधन, लुकर स्टुडिओ. हलती चित्रं बनवणारं फ्लरिश हौसेपुरतं. चारही फुकटात सुरू करता येतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. ठरवायचं एवढंच की आकडे कोण भरणार आणि चित्र कोण बघणार. बघणारे बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच असतात, त्यामुळे अर्धा निर्णय तिथेच होतो.

लासलगावच्या कांद्याचं उदाहरण घेऊ. ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या वेबसाइटवर बाजार समितीचे रोजचे तीन दर मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. नवखा माणूस कमाल दराची रेघ ओढतो, कारण चर्चा त्याचीच असते. पण कमाल भाव उत्तम मालाच्या एखाद्याच ट्रॅक्टरलाही लागलेला असू शकतो. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण. म्हणून सर्वसाधारणची रेघ ठळक आणि किमान ते कमाल हा मागचा पट्टा फिकट, असा आलेख हवा. पट्टा रुंदावला की त्या दिवशी चांगल्या-वाईट मालात मोठी तफावत होती, हे न सांगता दिसतं.

डेटारॅपरमध्ये दोन रेघांमधली जागा रंगवायची सोय तयार आहे, काम दोन मिनिटांचं. शीट्समध्ये हा पट्टा सरळ मिळत नाही. कमाल वजा किमान असा वेगळा रकाना करायचा, थरांचा आलेख काढायचा आणि खालचा थर पारदर्शक करायचा, असा जुगाड करावा लागतो, तोही संगणकावर. मोबाइल ॲपमध्ये आलेखाचा प्रकार, शीर्षक, रंग एवढंच हाताशी असतं.

मग शीट्स कशाला? कारण खरं काम आकडे भरण्याचं आहे, आणि त्यात शीट्सच्या जवळपास कोणी येत नाही. शेतात रेंज नसली तरी फाइल ऑफलाइन ठेवून भरता येते. भाऊ, दिवाणजी, पुण्याला नोकरी करणारी मुलगी, सगळे एकाच फाइलमध्ये लिहू शकतात. ज्याला रकान्यांची भीती वाटते त्याला गूगल फॉर्मची लिंक द्या. तो फॉर्म भरेल, आकडे शीटमध्ये आपोआप बसतील. छापील तक्त्यांसाठी मात्र एक्सेलचं मोबाइल ॲप सरस आहे. फोटो काढला की आकडे रकान्यांत येतात; अँड्रॉइडवर ही सोय २०१९ पासून आहे. हाताने लिहिलेली काटापट्टी (वजनाची पावती) असेल तर त्याच्या नादी लागू नका, टाइप करणं लवकर होतं.

शीट्समध्ये दोन ठिकाणी माणूस हमखास अडकतो. पहिलं म्हणजे तारीख. फाइलच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका असेल तर ०४/०७ म्हणजे ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल धरलं जातं; आणि १३/०७ ला तर तारीखच मानलं जात नाही, तो नुसता मजकूर होतो. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसलं की आधी सेटिंगमध्ये भारत निवडा. दुसरं, लिलाव बंद असलेले दिवस. तिथे शून्य टाकू नका, रकाना रिकामा सोडा. शून्य टाकलं की दर सुट्टीला भाव जमिनीवर आपटल्याचं चित्र तयार होतं, आणि ग्रुपवर कोणीतरी ते पुढे ढकलतोच.

आता धरणाकडे. पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणाचा साठा ९२, ९५, ९७ टक्के असा सरकतो. याचे खांब शीट्समध्ये काढले तर उभा अक्ष कधी कधी आपोआप शून्याच्या बराच वर सुरू होतो, आणि तीन दिवसांत धरण तिप्पट भरल्यासारखं दिसतं. अक्षाचा किमान आकडा हाताने शून्य करावा लागतो. डेटारॅपर खांब शून्यापासूनच काढतं, वर सरकवू देत नाही. काहींना हा हट्टीपणा वाटतो. मला तो आवडतो.

टक्क्यांचा आणखी एक घोळ आहे. गंगापूर साधारण ५,६०० दलघफूचं (दशलक्ष घनफूट), तर त्याच समूहातलं आळंदी ८०० च्या आसपासचं. दोन्ही ‘९० टक्के’ म्हणून शेजारी सारख्या उंचीचे उभे केले, तर शहराच्या पाण्याबद्दल त्या चित्रातून काहीच कळत नाही. खांब दलघफूत काढा, टक्के वर अक्षरांत लिहा. (धरणातून सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा येतो; साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चालला की साधारण एक टीएमसी, म्हणजे हजार दलघफू पाणी गेलं. बाकी नाशिककराला क्युसेक सांगून उपयोग नाही, त्याला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी छातीपर्यंत की गळ्यापर्यंत एवढंच हवं असतं. त्या तोडीची मोजपट्टी अजून कुठल्याही ॲपमध्ये नाही.)

डेटारॅपरची उणी बाजू: त्याचं काम ब्राउझरमध्ये चालतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर मांडणी करताना बोटं दमतात. लॅपटॉप असेल तर उत्तम. तयार झालेला आलेख मात्र मोबाइलवर नीट बसतो, अक्षरं वाचता येतात, रेघेवर बोट ठेवलं की त्या दिवसाचा आकडा दिसतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना रंग कसे दिसतील हेही ते तपासून दाखवतं, आणि असे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. फुकट खात्यात आलेखाखाली त्यांचं नाव येतं, येऊ द्या. ग्रुपवर चित्र टाकायचं तर त्याची पीएनजी (चित्राची फाइल) उतरवून घ्या आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, निदान एचडी तरी निवडा. साध्या फोटोसारखं पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि अक्षावरचे आकडे पुसट होतात.

फ्लरिशचं ते पळणाऱ्या खांबांचं चित्र सगळ्यांनी पाहिलंय. २०२२ मध्ये कॅनव्हाने ही कंपनी घेतली. शाळेच्या प्रकल्पाला, सादरीकरणाला झकास. पण खांब पळत असताना मागच्या महिन्याचा भाव लक्षात राहत नाही, आणि भाव बघायचा म्हणजे तेच तर बघायचं असतं. शिवाय फुकट खात्यात जे प्रकाशित कराल ते सार्वजनिक. स्वतःच्या दुकानाची विक्री तिथे टाकू नका.

लुकर स्टुडिओ हे पूर्वीचं डेटा स्टुडिओ, नाव २०२२ मध्ये बदललं. शीट जोडली की आकडे बदलतील तसा अहवाल बदलतो. नेहमीच्या सेटिंगला साधारण पंधरा मिनिटांनी ताजा होतो. तारीख, गाव, वाण अशा गाळण्या (फिल्टर) लावता येतात. शेतकरी कंपनी असेल, तीन-चार दुकानं असतील, तर हेच घ्या. एकट्यासाठी हा पसारा आहे, आणि त्याची मांडणी मुळात संगणकाच्या पडद्याची, त्यामुळे मोबाइलवर चिमटीने मोठं करत बसावं लागतं.

आकडे आपोआप यावेत असं वाटत असेल तर आधी खिशातला फोन तपासा. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाचं फुकट ॲप फोनमधल्या बऱ्याच सेन्सरचे आकडे दाखवतं, तिथल्या तिथे आलेख काढतं आणि आकडे एक्सेलमध्ये देतं. फोनमध्ये हवेचा दाबमापक असेल तर नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना रेघ उतरत जाताना दिसते, दर नऊएक मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक). पण आर्द्रता फोनवर मोजण्याची आशा सोडा. आजच्या फोनमध्ये तो सेन्सर सहसा नसतोच, आणि दिसणारं तापमान बॅटरीचं असतं.

कांदा चाळीला २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. तिथे छोटा ब्लूटूथ सेन्सर हवा. घेतल्यावर एकदा पारखून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलं होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि सेन्सर शेजारी शेजारी हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७९ दाखवत असेल तर चार वजा करून वाचत जा. दहाचा फरक असेल तर परत करा. नाशिकच्या एमजी रोडला सेन्सर विकत घेताना रंग-आकार बघण्याआधी दुकानदाराला विचारा की जुने आकडे सीएसव्ही फाइलमध्ये (शीट्समध्ये उघडते ती साधी तक्त्याची फाइल) बाहेर काढता येतात का. येत नसतील तर तो नुसता भिंतीवरचा तापमापक, शीटमध्ये आकडे रोज तुम्हालाच टाइप करावे लागणार.