अमेरिकेतली जंपसीट: फुकट आहे, हक्काची नाही

राहायचं एका शहरात आणि ड्यूटी सुरू व्हायची भलत्याच शहरातून, असे वैमानिक अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी विमान कंपन्यांनी एकमेकींच्या वैमानिकांना जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा खुर्ची, देण्याची जी सोय ठेवली आहे, ती या पेशातली सर्वांत मोलाची सवलत. तिकीट नाही, पैसे नाहीत. सोयीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो तिच्या बेभरवशीपणामुळे.

सुटण्याच्या तासभर आधी गेटवर पोहोचा. कंपनीचं ओळखपत्र, वैमानिकाचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हाताशी ठेवा. गेटवरचा एजंट प्रवाशांच्या गडबडीत असेल तर बाजूला थांबा, काउंटर अडवू नका. मग तो कंपनीचा कोड, कर्मचारी क्रमांक आणि जन्मतारीख ‘कॅस’मध्ये घालतो. 2001 च्या हल्ल्यांनंतर परक्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिट बंद झालं होतं, ते या ओळख-तपासणी यंत्रणेमुळे पुन्हा उघडलं. पडद्यावर तुमचा फोटो आणि होकार आला की काम झालं. नकार आला तर आधी क्रमांक पुन्हा तपासून घ्या, एखादा आकडा चुकलेला असू शकतो. नव्याने रुजू झालेल्यांचं नाव यादीत पोहोचलेलंच नसतं, हेही घडतं. यंत्रणाच बंद असेल तर कॉकपिट विसरा, पण केबिनमध्ये सीट रिकामी असेल तर ती मागून पाहा.

केबिनमध्ये जागा असली की आधी तिथेच बसवतात, म्हणजे कॉकपिटची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळू शकते. त्याच कंपनीच्या वैमानिकाचा नंबर सहसा आधी लागतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत परक्या कंपनीच्या वैमानिकाला कॉकपिट सहसा मिळत नाही. त्यामुळे मुंबईला घरी यायला ही सोय धरून चालू नका.

आता खरा मुद्दा. एजंटने कागद दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ती कॅप्टनची असते आणि कारण न सांगताही तो नाही म्हणू शकतो. केबिनमध्ये जागा मिळाली तरी कॉकपिटच्या दाराशी जाऊन नाव, कंपनी सांगा आणि “तुमच्याबरोबर येऊ का?” असं विचारा. न विचारता जाऊन बसणं हा या व्यवहारातला सर्वांत मोठा अपमान आहे, आणि तो पुढच्या अनेक जंपसीटरना भोवतो. केबिन क्रूलाही नमस्कार करा. चॉकलेटचा छोटा पुडा नेहमी कौतुकाने घेतला जातो.

बोइंग 737 मध्ये ही खुर्ची कॉकपिटच्या दारासमोर आडवी उघडते. तुम्ही बसलात की वाट बंद. म्हणून आधीच टॉयलेटला जाऊन या. ऑक्सिजन मास्क आणि पट्ट्यांची माहिती विचारून घ्या, हेडसेट लावा, कशालाही हात लावू नका. 10,000 फुटांखाली गप्पा बंद. मात्र दुसरं विमान किंवा काही चुकीचं दिसलं तर लगेच बोला, कारण तिथे तुम्ही जादा डोळे आहात. दारू केबिनमध्ये बसलात तरी नाही.

दिवसातल्या शेवटच्या फ्लाइटवर कधीही विसंबू नका. अनेक कंपन्यांच्या करारात, ड्यूटीच्या आधी पोहोचवणाऱ्या दोन फ्लाइट धरायचा प्रयत्न केला होता, हे दाखवलं तरच उशीर माफ होतो. पहिलीतून नाकारले गेलात तर एजंटकडून तशी नोंद करून घ्या.