कोठार की कोठडी?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 12व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला शेतकरी आणि कैदेतून फिलिप्पैकरांना (फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) पत्र लिहिणारा प्रेषित पौल, दोघांनाही समाधान हवंय. फरक पत्त्याचा आहे.

शेतकऱ्याचं समाधान पुढच्या कोठारात राहतं. पीक अमाप आलंय, तरी आधी जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची, मग जिवाला सांगायचं, ‘आता आराम कर.’ त्याच रात्री जीव परत मागितला जातो. गंमत म्हणजे हा माणूस लबाड नाही, चोर नाही. त्याच्या बोलण्यात फक्त ‘मी’ आणि ‘माझं’ आहे. देव नाही, शेजारी नाही. मला तो फार ओळखीचा वाटतो. रात्री फोनवर एक वस्तू मागवायची आणि ती दारात यायच्या आत दुसरी बघायला लागायचं, हे मी कितीदा केलंय!

पौलाकडे कोठार नाही, बेड्या आहेत. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, असेल त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी ‘शिकलो’. म्हणजे हे जन्मजात नव्हतं, एका प्रार्थनेत मिळालेलंही नव्हतं. उपासमार आणि विपुलता, दोन्हींत शिकलेलं. आणि तो विरक्त बैरागीही नाही: फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती पाठवलेली भेट तो आनंदाने घेतो. फक्त त्याचा आनंद त्या भेटीवर अडून नव्हता. बळ देणारा ख्रिस्त आधीच सोबत होता.

निवडायचं तर मी पौल निवडेन. हात मात्र अजून सवयीने फोनकडे जातो.