पिवळा पेन पीएच मीटर: तीन स्टार, आणि बफरचे पैसे वेगळे धरा

पेनासारखा पिवळा पीएच मीटर (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारा), सोबत टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन. इंदूरला घरी नर्मदेचा नळ पण आहे नि बोरिंग पण, फिश टँकमध्ये कुठलं पाणी किती घालायचं ते बघायला घेतला. दुकानदार म्हणे, "भिया, फैक्ट्री से सेट आता है." काही सेट-बिट नसतं, आमच्याकडे नळाचं तेच पाणी सकाळी एक आकडा आणि दुपारी भलताच.

टोकाची काचेची गोळी, म्हणजे इलेक्ट्रोड, कोरडी येते, ती आधी भिजवावी लागते. मग बफरची, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण करायची, 6.86 ची पुडी 250 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, मीटर त्यात धरायचा, आकडा थांबेपर्यंत वाट बघायची आणि मागचा बारीक स्क्रू चिमुकल्या स्क्रूड्रायव्हरने अगदी केसभर फिरवायचा, जरा जास्त फिरला की आकडा थेट सातच्या पुढे. खरी गोची म्हणजे स्क्रू एकच, त्यामुळे एकच पॉइंट जुळतो, 6.86 ला बरोबर दाखवणारा माझा मीटर 4.00 च्या बफरमध्ये 4.3 दाखवतो आणि त्याला काही इलाज नाही. टँकचं पाणी सात-आठच्या मधे असतं म्हणून माझं भागतं, पण नवा घेत असाल तर थोडे जास्त पैसे टाकून बटणवाला, दोन पॉइंटचा घ्या. दोन स्टार त्याचेच कापले.

टोपीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरून ठेवू नका हां, इलेक्ट्रोडमधले क्षार त्यात निघून जातात आणि तो लवकर मरतो. 3 मोलर केसीएलचे (पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे) चार थेंब पुरतात, लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतं. गोळी पुसायची नाही, टिश्यूने नुसती टिपायची.

टीडीएसचा पेन मात्र बिनत्रासाचा, तो मोजतो करंट किती वाहतो ते आणि एका फॅक्टरने गुणून आकडा दाखवतो. 1413 मायक्रोसिमेन्सच्या (हे करंट वाहण्याचं माप) तपासणीच्या सोल्युशनमध्ये 706 च्या आसपास आला म्हणजे 0.5 फॅक्टरवाला पेन ठीक. आमचं बोरिंग 500 च्या पुढेच असतं, हाच आकडा दाखवून आरओवाले घाबरवतात, पण आयएस 10500 मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतं असं आहे. आणि जंतू या पेनला दिसत नाहीत, आकडा कमी आला म्हणून पाणी चांगलं असं काही नाही.

मीटरचे बॅटरी सेल इथे जेल रोडवर कुठेही मिळतात. वापरलेलं बफर परत बाटलीत ओतू नका, फेकून द्या.